साहेब, बूट काढा!

आमचे नान्ना, म्हणजे माझे वडील, तिकडे तेलुगू मुलखात कापूस पिकेना म्हणून पैनगंगा ओलांडून अलीकडे आले, आणि त्याच वर्षापासून अलीकडेही कापूस पिकेनासा झाला.

यात नान्नांचा काही हात नव्हता. (हात तसा कमीच होता. त्यातली दोन बोटं त्यांनी पुढच्या हंगामात जिनिंगच्या मशीनला देऊन टाकली.) पण केळापूरच्या पुढचं आमचं ते गाव हे मानायला तयार नव्हतं. गावाचा हिशेब सरळ होता. तेलंगी आले, बोंडअळी आली!

"काय गा पोचन्ना," चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारायचंच, "येतानी अळी गठुड्यात बांधून आणली का तुम्ही?"

नान्ना नुसते हसायचे. तेलुगूत हसायचे. मराठीत हसायला त्यांना आणखी काही वर्षं लागली.

गावठाणाच्या एका कोपऱ्यात आमची खोली होती. भिंती पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाच्या, वर टिन, टिनावर दगड. वारा सुटला की नान्ना बाहेर जाऊन दगड मोजत, आणि आम्ही आत बसून देव मोजत असू. घरात माणसं चार, आणि पूर्ण असं एकही नाही. अव्वा, म्हणजे आजी, कमरेतून इतकी वाकलेली की तिला जगातली फक्त पायताणं ओळखता यायची, आणि तीही अंधूकच, कारण डोळ्यांत मोतीबिंदू. नान्ना आठ बोटांचे. अम्माचे दोन्ही हात शाबूत, पण कधीच रिकामे नाहीत. एकात घागर, एकात विळा, डोक्यावर गवताचा भारा. शिवाय तिला मराठी अक्षर येत नव्हतं आणि तेलुगू अक्षर तर त्याहून येत नव्हतं. राहिले मी, पद्मा. मला डोकं होतं. घरात त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

म्हणून मी ते घराच्या वस्तूंवर चालवायला लागले. हळदीच्या डब्याला दोरीची गाठ, मिठाच्या डब्याला बटण, तिखटाच्या डब्याला काहीच नाही, म्हणजे अव्वाने हाताने चाचपून बरोबर ओळखावं. कंदिलाला तारेची मोठी कडी, म्हणजे नान्नांना मनगटात अडकवता यावा. आज या प्रकाराला शहरात लांबलचक नावं आहेत आणि त्यावर वातानुकूलित खोलीत चर्चा होते. आमच्याकडे त्याला 'अव्वाच्या शिव्या वाचवणे' एवढंच म्हणत.

तर अशा घराला एक दिवस संडास मंजूर झाला!

आम्ही मागितला नव्हता. गावाच्या वाट्याला एक जास्तीचा आला होता, आणि तो घ्यायला कोणी तयार नव्हतं. सिमेंटच्या चार भिंती, वर पत्रा, पुढे टिनाचं दार. आमच्या घरापेक्षा तो इतका मजबूत होता की पहिल्या रात्री वादळ आलं तेव्हा आम्ही चौघं त्यातच जाऊन उभे राहिलो.

पण दाराची कडी होती वर. अव्वाला ती दिसायची नाही आणि पोचायची तर मुळीच नाही. कडी कडक, नान्नांच्या आठ बोटांना सरकायची नाही. नळाची तोटीही तशीच, पिळून पिळून हात दुखायचा. मग मी, इयत्ता नववी 'ब', कामाला लागले.

मी कडी काढूनच टाकली! दाराला दोरी बांधली, ती विहिरीच्या एका जुन्या गडगडीवरून घेतली आणि तिच्या टोकाला वीट लटकवली. बाहेरून कमरेने ढकललं की दार आत उघडायचं आणि विटेच्या वजनाने आपोआप लागायचं. लागलं की घोट्याच्या उंचीवर एक लाकडी आडणा 'खट्' करून पडायचा. झालं बंद! आत खाली दोन फळ्या. डावीकडची पायाने दाबली की आडणा उचलला जायचा, मग दार आपल्याकडे ओढायचं. बाहेर पडताना खाली फटीत चिंधी अडकवायची, म्हणजे रिकाम्या संडासाचा आडणा पडायचा नाही. उजवीकडची दाबली की वर टांगलेला पाण्याचा डबा कलंडायचा. अंधारात अव्वाला कळावं म्हणून डाव्या फळीला मी गोणपाट ठोकलं होतं. पायाला खरखरीत लागलं तर दार, गुळगुळीत लागलं तर पाणी. फक्त जागा अरुंद होती, म्हणून दार ओढताना खाली बसावं लागायचं, नाहीतर ते पोटावर अडायचं.

अव्वा पहिल्यांदा आत गेली आणि एकटी बाहेर आली, त्या दिवशी तिने माझ्या डोक्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मला वाटलं, मी जगातल्या सगळ्या माणसांची सोय केली. (माझ्या जगात तेव्हा चारच माणसं होती, हा तपशील माझ्या लक्षात आला नाही. आमच्या घरी पाहुणा असा कोणी येतच नसे. शेवटचं एक मांजर आलं होतं, तेही दूध नाही बघून परत गेलं.)

आणि मग सरपंच आले. उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"पोचन्ना, परवा जिल्ह्याहून तपासणीचे सायब येऊन राह्यले. स्वच्छ गावाचं बक्षीस हाय. त्याइले तुमचा संडास दाखवाचा हाय."

नान्ना घाबरले. "आमचा काहून मालक? गावात इतके हायेत."

"हायेत ना. पण त्यात कापूस हाय."

हे खरं होतं. त्या वर्षी भाव असा पडला होता की कोणी कापूस विकायलाच तयार नव्हतं. घरं भरली, गोठे भरले, तेव्हा लोकांनी नव्याकोऱ्या संडासांत छतापर्यंत कापूस कोंबला आणि भाव चढायची वाट बघत पुन्हा पूर्वीसारखे नाल्याकडे जाऊ लागले. आमचं शेतच नव्हतं. त्यामुळे अख्ख्या गावात संडासाचा संडास म्हणून वापर करणारे आम्हीच तेवढे उरलो होतो!

"हे पाय पोचन्ना," सरपंच म्हणाले, "ही जागा गावठाणाची. लोकं म्हणून राह्यले का तेलंग्याइले उठवा. सायब खुश झाले त मी ग्रामसभेत बोलतो, जागा तुमची. नाही झाले त..." आणि त्यांनी पैनगंगेच्या दिशेने हात केला.

तपासणीच्या दिवशी सकाळी अम्मा उठली आणि तिने संडासासमोर तांदळाच्या पिठाचा मुग्गू काढला, म्हणजे आमची रांगोळी, आणि तीही सणाची, चांगली दारभर. अव्वाने संडासाच्या उंबऱ्याला हळद फासून कुंकवाचे ठिपके दिले. आमच्यात चांगल्या दिवशी उंबऱ्याला हळद लावतातच, आणि आमच्या घराला धड उंबरा नव्हता, संडासाला होता. नान्नांनी वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी डबा काठोकाठ भरला. दोनदा कलंडला तरी पुरेल एवढा. पाहुणचारात कमी नको!

साहेब सकाळी गावात शिरले ते दुपारी आमच्याकडे पोचले. कारण सरपंचांची युक्ती. प्रत्येक घरी चहा आणि मठ्ठा! चहात गुंतलेला माणूस उठून संडासाचं दार उघडून बघत नाही, असा त्यामागे विचार होता. युक्ती उत्तम होती. फक्त तेवढा चहा आणि मठ्ठा शेवटी जाणार कुठे, याचा विचार सरपंचांनी केला नव्हता.

आमच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा साहेबांचा चेहरा तोरणाच्या पानांइतका हिरवा झाला होता. अख्खं गाव मागे. त्यांनी हळद-कुंकू बघितलं, रांगोळी बघितली आणि घाईघाईने विचारलं, "हे... देऊळ आहे का?"

"नाही सायब, हाच तो संडास!"

"असं? मग जरा... आतूनही पाहतो," असं म्हणून साहेब पळतच आत गेले. वीट खाली आली, दार लागलं. खट्!

(देऊळ असतं तर त्यांनी बूट काढले असते. आमचं नशीब तिथेच फिरलं.)

सरपंच गावाकडे बघून अभिमानाने मान हलवत होते. मग आतून आवाज आला.

"अहो... कडी कुठंय?"

मी एवढ्या आनंदात होते की पुढे होऊन ओरडले, "साहेब, कडी नाहीच! तीच तर गंमत आहे!"

"गंमत?" साहेबांनी विचारलं.

"खाली फळी आहे साहेब! डाव्या बाजूची दाबा!"

आता झालं असं की साहेब तोवर घाबरून उलटे वळून पाठीने दार ढकलत होते. त्यांचं डावं ते आमचं उजवं. त्यांनी डावी फळी दाबली आणि आत धबधबा कोसळल्याचा आवाज झाला.

"अरे! अरे! वरून पाणी आलं!"

"पाणी भी येते सायब!" सरपंच मोठ्याने ओरडले. "लिहून घ्या!"

"ती नाही साहेब, दुसरी!" मी म्हटलं. "गोणपाटाची! पायाला खरखरीत लागेल ती!"

"मला काहीही खरखरीत लागत नाहीये!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात सगळे अनवाणी. बूट घातलेला माणूस आमच्या संडासात आजवर गेलाच नव्हता!

"साहेब, बूट काढा!"

"काय?"

"बूट काढा!"

गावाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पोरं, बाया, म्हातारे, सगळे एका सुरात ओरडायला लागले. "सायब, बूट काढा! सायब, बूट काढा!"

"मी बूट काढणार नाही!" साहेब आतून गरजले. "मला काय पूजेला बसवलंय इथे?"

अव्वाला हे बघवेना. ती काठी टेकत दाराशी गेली आणि मायेने ओरडली, "कूर्चो नायना, कूर्चो!"

"त्या आजी काय म्हणतायत?"

"बसा म्हणतात साहेब! बाळा, बस!"

"माझं बसून झालंय!"

एवढ्यात रागाने साहेबांनी पाय आपटला असावा, कारण दुसरा धबधबा कोसळला. डबा मी खरंच छान भरला होता.

आता सरपंचांचा धीर सुटला. "बाजूले व्हा राजेहो!" म्हणत त्यांनी धोतर खोचलं, दहा पावलं मागे गेले आणि खांदा पुढे करून पळत सुटले. त्याच क्षणी आत साहेब हताश होऊन खाली बसले आणि बसताना त्यांचा पाय बरोबर गोणपाटावर पडला. आडणा उचलला गेला. दार मोकळं झालं. सरपंच त्या मोकळ्या दारातून बाणासारखे आत गेले, आतून काहीतरी मऊ दबल्याचा आवाज आला, वीट खाली आली. खट्!

ते माझं पहिलं यंत्र. अगदी बिनचूक चाललं! मी नान्नांकडे बघितलं. नान्ना पैनगंगेकडे बघत होते.

आत अंधारात संभाषण सुरू झालं. टिनाचं दार असल्यामुळे ते अख्ख्या गावाला स्वच्छ ऐकू येत होतं.

"कोण?"

"मी सरपंच, सायब."

"सोडवायला आलात?"

"हो सायब."

"मग सोडवा."

(दारावर दोन-तीन धक्के.)

"सरपंच, हे तुमच्या गावचं आदर्श शौचालय ना? तुम्हाला कसं उघडता येत नाही?"

"मी पहिल्यांदाच आलो सायब."

"या घरी?"

"संडासात."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मग तुमच्या घरच्या संडासात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

सरपंच खोटं बोलले असते. पण अंधारात, ओल्या साहेबांच्या मांडीवर बसून खोटं बोलणं फार कठीण असतं.

"कापूस हाय, सायब."

"आणि इतरांच्या?"

"त्याइच्यात भी कापूसच."

बक्षीस गेलं, हे गावाला तिथेच कळलं. सगळे माझ्याकडे वळले. आता पैनगंगा आम्हाला आजच ओलांडावी लागणार असं मला वाटलं. मी भांडी कशात बांधायची याचा विचार करू लागले.

पण शेजारच्या कौसल्याकाकू, ज्या आमच्याशी आजवर बोरीच्या झाडावरून भांडण्यापुरतंच बोलल्या होत्या, त्या अम्माला कोपराने ढोसत म्हणाल्या, "वं पोचन्नाची बाई, उभी काहून राह्यली? आताच मांग! दार उघडल्यावर कोण कोणाचं असते?"

अम्माने पदर खोचला. दाराजवळ गेली.

"सरपंचभाऊ. जागा?"

"कोणती जागा वं माय?"

"ही. गावठाणाची. आमची का नाही?"

"ते... ते मंग पाहू ना! पहिले दार उघड!"

"बरं. मंग पाहू," अम्मा म्हणाली, आणि संडासासमोर मांडी घालून तांदूळ निवडायला बसली!

गाव थक्क. बाईला मराठी येत नाही असं सगळे समजत होते.

आतून साहेबांचा रडवेला आवाज आला. "अहो सरपंच, देऊन टाका ना! काय मागतायत ते देऊन टाका!"

"तुमची! जागा तुमची!"

"मोठ्यानं बोला भाऊ," अम्मा खडा वेचत म्हणाली. "इथिसा आयकू येत नाही."

"जागा पोचन्नाची!!" सरपंच असे ओरडले की झाडावरची वटवाघळं उडाली.

अम्मा उठली. शांतपणे घरात गेली आणि हातात सराटा घेऊन आली, भाकर उलटायचा. दाराच्या खालच्या फटीतून तिने तो आत सरकवला, आडण्याखाली घातला आणि उचलला. दार उघडलं. एवढंच.

"अम्मा!" मी किंचाळले. "हे बाहेरून उघडतं?"

"अव्वा एकदा आत झोपून गेली होती," अम्मा म्हणाली.

"मग आधी का नाही उघडलंस?"

"आधी जागा कुठी भेटली होती?"

साहेब बाहेर आले. नखशिखांत ओले, पाठीवर हळद, एकाच पायात बूट. त्यांनी गावाकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोणी बनवलं?"

पाणी, पाट, मंदिर, कशावरही आमच्या गावाचं कधी एकमत झालेलं नव्हतं. त्या दिवशी झालं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"कोणासाठी बनवलंस?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांसाठी, साहेब," मी म्हटलं.

"सगळ्यांसाठी?" साहेबांच्या मिशीवरून पाणी ठिबकत होतं. "मग मी कोण आहे?"

आठ बोटांच्या माणसाला जमत होतं, अर्ध्या डोळ्यांच्या म्हातारीला जमत होतं, आणि दहा बोटं, दोन डोळे, सरकारी जीप असलेला धडधाकट माणूस आत बसून रडला होता! दार माझ्या घराला नेमकं बसलं होतं. बाकी जग मी कडीबाहेर ठेवलं होतं, आणि कडी तर मी काढून टाकली होती.

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी जागेचं काही आठवत नाही असा चेहरा केला. पण मागून कौसल्याकाकूंनी नुसतं "बूट काढा!" म्हटलं आणि अख्खी सभा एका सुरात ओरडली, "जागा पोचन्नाची!" ठराव झाला. त्या दिवसापासून आम्ही गावचे. बोंडअळीचं खापर मग दुसऱ्या कोणावर तरी फोडावं लागलं, आणि त्यात नान्नाही हिरिरीने भाग घेऊ लागले.

मी शिकले. यवतमाळला राहून पदवी घेतली, आमच्या सात पिढ्यांत, नदीच्या दोन्ही काठांवर धरून, पहिली. मग आणखी पुढे जाऊन वस्तूंच्या रचनेचं शिक्षण घेतलं. मुलाखतीत विचारलं, "या क्षेत्राकडे कशा वळलात?" मी सगळं खरं सांगितलं. समोरचे तिघंही इतके हसले की त्यांनी माझी टक्केवारी बघायचं विसरून मला प्रवेश दिला. (टक्केवारीही चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यासाठी मी फार रॉकेल जाळलं आहे.)

आता माझं काम हेच. दारं, नळ, पायऱ्या, खिडक्या, पाट्या, ज्या सगळ्यांना वापरता येतील. वाकलेल्यांना, आंधळ्यांना, ओझेवाल्यांना, अक्षर न येणाऱ्यांना, आणि हो, बूट घातलेल्यांनाही. काहीही बनवलं की आधी मी ते अनोळखी माणसापुढे ठेवते आणि तोंड बंद ठेवते. सूचना ओरडाव्या लागल्या की समजायचं, वस्तू फसली. गावात मात्र कोणी विचारलं की कौसल्याकाकू सांगतात, "पद्मी? ते मोठ्या पगारावर संडासाचं काम करते."

मागच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका बसस्टँडवर माझं दार बसलं. कडी नाही, मूठ नाही, फळी नाही. कोपराने, गुडघ्याने, कमरेने, कशानेही ढकला, उघडतं. उद्घाटनाला बूट घातलेले पाच साहेब आले, आत गेले आणि पाचही बाहेर आले. मी मोजले. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

आठवड्याने तिथून फोन आला.

"मॅडम, तुमचं दार लय भारी हाय. सगळ्याइले उघडता येते!"

"धन्यवाद," मी नम्रपणे म्हटलं.

"सगळ्याइले म्हंजे बाजारच्या शेळ्याइले भी येते. आत्ता अंदर पंखा लावून बसल्या हायेत. त्याइले बाहेर कसं काढाचं, ते सांगा."

तर आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि कोणालाही न अडवणारं दार मी अखेर बनवलं आहे. शेळ्यांची काहीही तक्रार नाही.